‘डोळे मिचकावा’ म्हणणारं ॲप आणि मोबियस सिंड्रोम

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी मजकूर. बोललो तसंच ठेवलंय.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो. काही वर्षांपूर्वी मी एका ॲपच्या केवायसी स्क्रीनवर काम करत होतो. तुम्ही ती पाहिलीच असेल: चेहरा गोलात धरा, डोळे मिचकावा. कॅमेऱ्यासमोर खराखुरा माणूस आहे, फोटो नाही, एवढंच तपासायचं असतं. एक दिवस तक्रार आली, ‘डोळे मिचकावता येत नाहीत, खातं उघडत नाही.’ मी ठरलेलं उत्तर चिकटवलं: चांगल्या उजेडात पुन्हा प्रयत्न करा. तिकीट बंद. दुसऱ्या दिवशी परत मेल. ‘उजेड भरपूर आहे. मला जन्मापासून मोबियस सिंड्रोम आहे. माझ्या पापण्या मिटत नाहीत.’

हे नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

नक्की होतं काय?

मेंदूतून थेट निघणाऱ्या नसांच्या 12 जोड्या असतात. त्यातली सातवी जोडी चेहऱ्याचे स्नायू हलवते. हसणं, कपाळाला आठ्या घालणं, ओठ आणि पापण्या मिटणं, सगळं तिच्याकडे. सहावी जोडी डोळा बाहेरच्या बाजूला, म्हणजे कानाच्या दिशेला वळवते. मोबियसमध्ये या दोन्ही नसांची वाढ गर्भातच अपुरी राहते. त्यामुळे चेहरा हलत नाही आणि नजर बाजूला वळत नाही. काहींना हातापायाच्या बोटांत दोष असतो, काहींचे तळपाय आत वळलेले असतात.

याला चेहऱ्यावरून वारं जाणं समजू नका. तो त्रास पुढे कधीतरी अचानक होतो, बहुतेकदा एकाच बाजूला, आणि बऱ्याच जणांचा बरा होतो. मोबियस जन्मापासून असतो, सहसा दोन्ही बाजूंना. तो वाढत नाही, पण जातही नाही.

इंजिनिअरिंगवाल्यांनो, मोबियस म्हटल्यावर ती पीळ दिलेली पट्टी आठवली ना? ती गणितज्ञ ऑगस्ट फर्डिनांड मोबियस यांची. सिंड्रोमला नाव मिळालं ते त्यांच्या नातवाचं. पॉल युलियस मोबियस हे जर्मनीतल्या लाइपझिगचे मेंदूविकारतज्ज्ञ. त्यांनी 1888 मध्ये याचं वर्णन केलं. 24 जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस, म्हणून त्याच दिवशी मोबियस जागृती दिन असतो.

कारण काय?

आपल्याकडे बाळात काही वेगळं दिसलं की पहिलं बोट आईकडे जातं. ‘ग्रहण पाळलं नसेल.’ ग्रहणाचा इथे काडीचाही संबंध नाही. बहुतेक कुटुंबांत आधी कुणालाच हा त्रास नसतो. गर्भारपणाच्या सुरुवातीला मेंदूच्या देठाचा रक्तपुरवठा बिघडणं हे एक संभाव्य कारण मानतात. 2015 मध्ये काही रुग्णांत दोन जनुकांतले बदल सापडले, आणि तेही आईबापांकडून आलेले नव्हते, नव्यानेच झालेले होते. मिसोप्रोस्टॉल या गोळीशीही संबंध आढळलाय. म्हणून गरोदरपणात डॉक्टरांना न विचारता औषध घेऊ नये.

रोजचं जगणं

पहिली लढाई दुधाची. ओठ मिटत नाहीत, त्यामुळे बाळाला ओढता येत नाही. खास बाटली किंवा नळी लागते. पापण्या मिटत नसल्याने डोळे कोरडे पडतात, सतत थेंब घालावे लागतात. पुढे बोलणं. आता एकदा ओठ न मिटता ‘बाबा’ म्हणून बघा. प, ब, म हे सगळे ओठांचे उच्चार. स्पीच थेरपीने माणसं त्यांनाही वाट काढतात. मांडीतला स्नायू गालात बसवून तो चावण्याच्या नसेला जोडायची शस्त्रक्रियाही आहे. मग दात आवळले की हसू उमटतं. अर्थात, प्रत्येकाला ती हवीच असते असं नाही.

पण सगळ्यात अवघड आपण असतो. समोरचा हसला नाही की आपण ठरवून टाकतो, शिष्ट आहे किंवा मंद आहे. मोबियस असलेल्या बहुतेकांची बुद्धी तुमच्याआमच्यासारखीच असते. कॅथलीन बोगार्ट या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांना स्वतःला मोबियस आहे. त्यांचं संशोधन सांगतं की ही माणसं आपला आनंद आवाजातून, शब्दांतून, हातवाऱ्यांतून दाखवतात. आणि दुसऱ्यांच्या चेहऱ्यावरचे भावही ती बरोबर ओळखतात. चुकतो ते आपण.

आणि ते तिकीट?

मी ते पुन्हा उघडलं आणि माफी मागितली. त्या ग्राहकाची ओळख माणसाकरवी तपासून झाली. ॲपमध्ये दुसरा पर्याय यायला मात्र आणखी काही महिने गेले.

30 एप्रिल 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने नेमकं यावरच बोट ठेवलं. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून आणि इतरांच्या याचिकेवर न्यायालय म्हणालं की डिजिटल सेवा मिळणं हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे. डोळे मिचकावण्याशिवाय इतर पर्याय द्या, असंही सांगितलं.

आमचा पर्याय काय होता, माहितीये? ‘मान डावीकडे वळवा, मग उजवीकडे.’ नजर बाजूला जात नाही म्हणून मोबियस असलेली माणसं दिवसभर हेच तर करत असतात. विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

कोड लिहिणारे कुणी ऐकत असाल, तर आज आपली स्क्रीन एकदा उघडून बघा. भेटू पुढच्या भागात!