नाताळ रंगवा, मग वापरा!

छापील चित्रांत रंग भरणं म्हणजे पोरांना गप्प बसवायचा उपाय? नाताळच्या चित्रांचा इतिहास उलटं सांगतो. मोठी माणसं त्यात पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ रंग भरताहेत, आणि सुरुवातीला तर ते चक्क पोटापाण्याचं काम होतं.

एक शिलिंगचं कार्ड
१८४३. नाताळच्या पत्रांना उत्तरं लिहायला लंडनच्या हेन्री कोल यांना सवड नव्हती. त्यांनी चित्रकार जॉन कॅल्कॉट हॉर्सली यांच्याकडून शुभेच्छापत्र काढून घेतलं. यंत्रावर फक्त रेषा छापल्या. रंग भरले कारागिरांनी, हातानं. सुमारे हजार प्रती, प्रत्येकी एक शिलिंग. जगातलं पहिलं नाताळकार्ड म्हणतात ते हेच.

हिरवा झगा चालेल?
धावेल! १८४३च्याच डिसेंबरात चार्ल्स डिकन्स यांचं ‘अ ख्रिसमस कॅरल’ आलं. त्यात जॉन लीच यांची चार चित्रं हातानं रंगवलेली होती आणि नाताळचा दिलदार आत्मा होता हिरव्या झग्यात. तुमच्या हिरव्या सांताला कुणी हसलं, तर बेलाशक डिकन्सचं नाव सांगा.

काटकसरीतून रुडॉल्फ
अमेरिकेतली मॉन्टगोमरी वॉर्ड ही दुकानांची साखळी नाताळात मुलांना रंगवायची पुस्तकं विकत आणून फुकट वाटायची. १९३९मध्ये हिशेब झाला: आपणच पुस्तिका छापली तर पैसे वाचतील. जाहिराती लिहिणारे रॉबर्ट मे कामाला लागले आणि लाल नाकाचा रेनडिअर रुडॉल्फ जन्मला. पहिल्याच मोसमात सुमारे २४ लाख प्रती वाटल्या गेल्या.

रेषा कुणीतरी आखून द्या!
२०१३मध्ये स्कॉटलंडच्या जोहाना बॅसफर्ड यांच्या ‘सीक्रेट गार्डन’नं मोठ्यांच्या हातात पुन्हा रंगपेन्सिली दिल्या, २०१६मध्ये त्यांचं खास नाताळचं पुस्तकही आलं. हे काम मनाला का मानवतं? २००५च्या एका अमेरिकी अभ्यासात ८४ विद्यार्थी होते. मंडलं किंवा चौकडीची नक्षी रंगवणाऱ्यांची अस्वस्थता कोऱ्या कागदावर मनाला येईल ते रंगवणाऱ्यांपेक्षा जास्त उतरली. तेव्हा सुरुवात हिमकणांच्या किंवा फुलापानांच्या गोल नक्षीनं करा.

रंगवण्याआधी दोन खुणा
पॉइन्सेटियाच्या लालभडक ‘पाकळ्या’ ही खरं तर पानं. फुलं म्हणजे मधले पिवळे ठिपके. आणि नाताळपूर्वीच्या आगमनकाळातल्या चार मेणबत्त्यांपैकी सहसा तीन जांभळ्या, एक गुलाबी.

आता ही चित्रं लावा कामाला

*रंगीत काच:* पेन्सिलीनं रंगवलेल्या कागदाच्या पाठीवर कापसाच्या बोळ्यानं गोडेतेल चोळा, जास्तीचं टिपून घ्या, खिडकीत लावा. कागदाच्या तंतूंमधल्या फटी तेलानं भरतात, उजेड आरपार येतो. तेलकट कागदाजवळ मेणबत्ती मात्र नको.

*गोठ्यामागचं आकाश:* वसईत, गोव्यात घरोघरी येशूजन्माचा गोठा सजतो. ताऱ्यांचं चित्र झेरॉक्सवर मोठं करून रंगवा आणि गोठ्यामागे उभं करा.

*डब्यांच्या चिठ्ठ्या:* दोदोल-नेवऱ्यांचे डबे शेजारीपाजारी जाणारच. छोटी चित्रं पुठ्ठ्यावर चिकटवा, भोक पाडा, सुतळीनं डब्याला बांधा.

*बरणीचा कायापालट:* लोणच्याची रिकामी बरणी, त्यावर पाणी घातलेल्या फेविकॉलनं चिकटवलेलं चित्र. स्केचपेनचा रंग पाण्यानं पसरतो, म्हणून इथेही पेन्सिलच बरी.

*पाहुण्यांचं कोडं:* एक मोठं चित्र, आठ तुकडे, आठ पाहुणे. कुणी कुणाचं बघायचं नाही. शेवटी तुकडे जोडा. सांताचा एक बूट काळा, दुसरा पोपटी निघाला, तर भिंतीवर पहिला मान त्याच चित्राचा.