अणुस्फोटांची चाहूल

अणुस्फोटांच्या चाचण्या बंद कराव्या, असें राष्ट्रांनीं ठरविलें, तरी दिलेलें वचन पाळलें जात आहे हें ओळखावयाचें कसें? हा प्रश्न केवळ मुत्सद्द्यांचा नाहीं. तो भूकंपशास्त्रज्ञांचाहि आहे.

१ मार्च १९५४ रोजीं अमेरिकेनें पॅसिफिक महासागरांतील बिकिनी बेटांवर हायड्रोजन बाँबचा स्फोट केला. त्याची किरणोत्सर्गी राख दूरच्या एका जपानी मासेमारी नौकेवर पडून २३ खलाशी आजारी पडले. त्यांतील एक पुढें दगावला. २ एप्रिलला पंडित नेहरूंनीं लोकसभेंत अशा चाचण्या निदान स्थगित ठेवाव्या, अशी सूचना मांडली.

परंतु करार म्हटला कीं संशय आलाच. १९५८ च्या उन्हाळ्यांत जिनीव्हा येथें पूर्व व पश्चिम या दोन्ही गटांचे शास्त्रज्ञ याच प्रश्नाचा विचार करण्यास एकत्र बसले. हवेंतील स्फोट सहसा लपत नाहीं. त्याचे किरणोत्सर्गी कण वाऱ्याबरोबर दूरवर जातात. अडचण होती भूमिगत स्फोटाची. त्याचा हादरा लहानशा भूकंपासारखा भासतो, आणि असे भूकंप तर दरवर्षीं हजारोंनीं होतात. मग संशयित जागीं जाऊन पाहणी करावी, तर ती वर्षांतून किती वेळां? सोव्हिएट रशिया तिहींच्या पुढें जाईना, अमेरिका सातांच्या खालीं येईना. अखेर ५ ऑगस्ट १९६३ रोजीं मॉस्को येथें करार झाला तो हवेंतील, पाण्याखालील व अंतराळांतील चाचण्यांपुरताच. भूगर्भ मोकळा राहिला.

शास्त्रज्ञांचें काम मात्र थांबलें नाहीं. भूकंपांत खडकाचे दोन भाग एकमेकांलगत घसरतात. स्फोटांत खडक चोहोंकडे बाहेर ढकलला जातो. त्यामुळें पृथ्वीच्या पोटांतून जाणाऱ्या लाटांच्या मानानें पृष्ठभागावरून जाणाऱ्या लाटा स्फोटांत क्षीण असतात. या भेदावरून पुष्कळसा संशय दूर करतां येऊं लागला.

१९९६ सालीं सर्व प्रकारच्या चाचण्यांवर बंदी घालणारा करार सह्यांसाठीं खुला झाला. त्याच्या पहाऱ्यासाठीं ३३७ ठिकाणांची योजना आहे: भूकंप नोंदणारीं १७०, समुद्रांतील ध्वनि ऐकणारीं ११, हवेंतील अतिमंद ध्वनि टिपणारीं ६०, किरणोत्सर्गी कण पकडणारीं ८० आणि १६ प्रयोगशाळा. ९ ऑक्टोबर २००६ रोजीं उत्तर कोरियानें केलेला स्फोट लहानसाच होता. तरी त्याचा हादरा अनेक केंद्रांनीं नोंदविला, आणि पुढें कॅनडांतील केंद्रावर त्याचा झेनॉन वायुहि सांपडला.

तथापि हा करार अद्याप अंमलांत आलेला नाहीं. त्यासाठीं नांवानिशीं ठरविलेल्या ४४ राष्ट्रांची मान्यता लागते. त्यांपैकीं भारतानें सही केलेली नाहीं. अण्वस्त्रें नष्ट करण्याची मुदत करारांत नाहीं, हा भारताचा एक मुख्य आक्षेप होता. अमेरिका व चीन यांनीं सह्या केल्या, पण मान्यता दिली नाहीं.

अगदीं लहान स्फोटांविषयीं शंका आजहि काढली जाते. परंतु १९६३ सालीं ‘आपण फसविले जाऊं’ या भीतीला जो आधार होता, तो आज पुष्कळ दुबळा झाला आहे. स्फोट झाला कीं नाहीं, हें यंत्रें बहुतांशीं सांगतील. तो करूं नये, हें राष्ट्रांनाच ठरवावें लागेल.