एक मिलिमीटरचा काठ

संपादकांनी विषय सांगितला तेव्हा वाटलं, यात लिहिण्यासारखं काय आहे? पोलंड १२ मार्च १९९९ रोजी नाटोत गेला, पदरच्या सोव्हिएत मशिनगनना पाश्चात्त्य गोळी चालवायला लावायची होती, लावली. शिवाय दोन्हीकडच्या गोळीचं माप कागदावर एकच, ७.६२ मिलिमीटर. नळी बदलली की काम फत्ते!

माझा हा गैरसमज एका खिळ्यानं दूर केला. पुठ्ठ्याला भोक पाडून त्यात खिळा घातला तर तो डोक्यापाशी अडतो. पुढे ढकलून पार होत नाही, बाहेर काढायचा तर मागेच ओढावा लागतो. त्याच भोकात पेन्सिल घाला, ती सरळ आरपार जाते. रशियन काडतूस म्हणजे खिळा आणि नाटोचं म्हणजे पेन्सिल. बाकी सगळं रामायण यातूनच घडलं.

या खिळ्याचं डोकं झारच्या काळातलं आहे. १८९१ साली मोसिन रायफलीबरोबर रशियानं हे काडतूस स्वीकारलं. त्याच्या बुडाला बाहेर आलेला काठ आहे, चहूबाजूंनी जेमतेम एक मिलिमीटर. काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या बुडाशी असलेल्या पोकळीत, नेमकं कुठे थांबायचं ते हा काठ ठरवतो. क्रांती झाली, दोन महायुद्धं झाली, काठ तसाच राहिला. १९६१ मध्ये कलाश्निकोव्हच्या चमूची पीके मशिनगन आली, १९६९ मध्ये तिची हलकी आवृत्ती पीकेएम आली. दोघींनीही हाच काठ सांभाळला.

आणि तो सांभाळताना जी करामत केली, तिच्यापाशी मी बराच वेळ रेंगाळलो. पीकेएमचा पट्टा लोखंडी खिशांच्या माळेसारखा असतो. काठामुळे काडतूस खिशातून पुढे ढकलता येत नाही. म्हणून बोल्ट, म्हणजे चेंबर बंद करणारा दट्ट्या, मागे सरकताना त्याच्यासोबतचे दोन आकडे काडतुसाला काठाशी धरून खिशातून मागे खेचतात. मग एक स्प्रिंगची पट्टी त्याला खाली दाबते आणि परतणारा बोल्ट त्याला चेंबरमध्ये लोटतो. मागे, खाली, पुढे. मिनिटाला साडेसहाशेच्या आसपास वेळा, चिखलात आणि बर्फातही. एका अडचणीच्या काठासाठी एवढा खटाटोप, आणि तरीही जगातल्या सर्वांत भरवशाच्या मशिनगनमध्ये पीकेएमची गणना होते. असा आडमुठेपणा पाहिला की हात जोडावेसे वाटतात.

आता नाटोचं काडतूस पाहा. १९५४ मध्ये प्रमाण ठरलेलं, ५१ मिलिमीटर लांबीच्या पुंगळीचं. रशियन पुंगळी ५४ ची. बुडाला बाहेर आलेला काठ नाही. त्याच्या पट्ट्यात सुट्या, उघड्या कड्या असतात आणि दोन कड्यांना जोडणारी खीळ म्हणजे खुद्द काडतूस. ते पुढे निसटलं की कड्या सुट्या होऊन गळून पडतात. म्हणजे मागे खेचणाऱ्या आकड्यांचं कामच संपलं आणि गळणाऱ्या कड्यांना बाहेर पडायला नवी वाट हवी झाली. नळीही जुनी चालेना, कारण माप एकच म्हणायचं तेवढंच: रशियन गोळीचा खरा व्यास सुमारे ७.९२, नाटोच्या गोळीचा ७.८२.

हे काम दक्षिण पोलंडमधल्या तार्नुव शहरातल्या कारखान्यानं केलं. १९१७ च्या रेल्वे कार्यशाळेपासून सुरू झालेला हा कारखाना पीकेएमशी चांगलाच परिचित होता, कारण परवान्यावर ती तिथेच बनत असे. जुन्या भिंतीला नवी खिडकी बसवावी, तसं इथे झालं: वायूच्या दाबावर चालणारी मूळ रचना आणि फिरून बंद होणारा बोल्ट राखला, नळी, चेंबर आणि काडतूस भरणारी यंत्रणा बदलली. नाव दिलं यूकेएम-२०००. तार्नुवनं १२.७ मिलिमीटरच्या जड एनएसव्ही मशिनगनलाही असंच नाटोच्या काडतुसाला जुळवलं.

कथा इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण बंदूक बदलली म्हणून फौज बदलत नाही. पोलंडच्या रोसोमाक चिलखती गाड्यांवर नवी यूकेएम बसली, जर्मनीकडून आलेले लेपर्ड रणगाडे नाटोचंच काडतूस घेऊन आले. पण टी-७२ च्या वंशातले रणगाडे आणि जुन्या बीएमपी गाड्या काठवाल्या काडतुसावरच चालत राहिल्या. एकाच सैन्यात दोन गोळ्या, दोन पट्टे, सुट्या भागांचे दोन साठे. आणि खोक्यावर दोन्हीकडे ७.६२ च! चुकीचा खोका आघाडीवर पोहोचला तर उत्तम बंदूकही लोखंडाचं ओझं ठरते.

हे दुखणं आपल्याला नवं नाही. आपल्या पायदळाची मध्यम मशिनगन (एमएमजी) नाटोचं काडतूस खाते, तर टी-७२ रणगाड्यातली पीकेटी मशिनगन रशियन. भांडारातल्या माणसाला हा फरक पाठ असावाच लागतो.

अंधारात मात्र लेबल वाचता येत नाही. तेव्हा काडतुसाच्या बुडावरून अंगठा फिरवायचा. कडेला काही बाहेर आलेलं लागलं, तर तो १८९१ चा काठ.