हुलग्याचे शेंगोळे : कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरचे सकस अन्न

हलक्या, मुरमाड जमिनीत व अपुऱ्या पावसात इतर कडधान्ये माना टाकतात, तेथे हुलगा तग धरतो. यालाच कोकणात कुळीथ म्हणतात. तथापि पुष्कळ घरांत हा हुलगा शिजवून बैलांपुढे ठेवला जातो किंवा मिळेल त्या भावाने विकला जातो. आणि त्याच घरात मुलांच्या वरणाची डाळ मात्र हाती पैसा असेल तेव्हाच दुकानातून येते.

वास्तविक 100 ग्रॅम हुलग्यात सुमारे 22 ग्रॅम प्रथिने असतात. लोह व चुनाही चांगल्या प्रमाणात असतो. ज्वारीच्या प्रथिनांतील उणीव हुलगा भरून काढतो. म्हणून दोहोंचा मेळ घालणारे शेंगोळे हे पूर्वापार चालत आलेले शहाणपणाचे अन्न होय.

कृती : हुलगे निवडून, मंद आचेवर भाजून दळावेत. भाजल्याने उग्र वास जातो. दोन वाट्या हुलग्याच्या पिठात अर्धी वाटी ज्वारीचे पीठ, वाटलेला लसूण, जिरे, तिखट, हळद व मीठ घालावे. त्यातील दोन चमचे पीठ बाजूस ठेवून उरलेले घट्ट मळावे. तळहातास तेल लावून करंगळीएवढ्या वळ्या वळाव्यात व त्यांची लहान कडबोळी करावीत. पातेल्यात लसणाची फोडणी करून सहा-सात वाट्या पाणी व चवीपुरते मीठ घालावे. पाणी खळखळून उकळल्यावरच शेंगोळे एकेक करून सोडावेत. बाजूस ठेवलेले पीठ पाण्यात कालवून शेवटी ओतले म्हणजे रसास दाटपणा येतो. एकूण वीस मिनिटे शिजू द्यावे. शेंगोळा मोडून पाहावा. आत कोरडे पीठ दिसल्यास आणखी शिजवावे.

शेंगोळे विरघळण्याची कारणे तीन : पीठ सैल मळणे, पाण्यास उकळी नसणे व सोडताच पळीने ढवळणे. वाढताना लिंबू पिळावे. त्यामुळे अन्नातील लोह शरीरास अधिक मिळते.

सुगी होताच बियाणे व घरची वर्षाची बेगमी प्रथम वेगळी काढावी, ती कडक उन्हात वाळवून साठवावी व उरेल तेवढाच हुलगा विकावा. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पिकाच्या प्रात्यक्षिकाबरोबरच महिला मंडळात शेंगोळ्यांचे प्रात्यक्षिकही घडवून आणावे. शेतात पिकलेले कडधान्य प्रथम घरच्या मुलांच्या ताटात पडावे, हे उत्तम.