वटवृक्ष आणि त्याच्या पारंब्या

गावाच्या वेशीवर, देवळासमोर किंवा नदीकाठी पार बांधलेला वड भारतात जवळजवळ सर्वत्र आढळतो. वड हा भारताचा राष्ट्रीय वृक्ष आहे. संस्कृतमध्ये त्याला 'न्यग्रोध', म्हणजे खाली वाढणारा, असे म्हणतात. फांद्यांना फुटलेल्या पारंब्या जमिनीत शिरल्या, की त्यांचे खांब बनतात आणि ते फांद्यांचा भार पेलतात. त्यामुळे वृक्षाचा विस्तार होत राहतो.

या रचनेचे सामर्थ्य कोलकात्याजवळील शिबपूरच्या वनस्पती उद्यानात पाहावयास मिळते. तेथील प्रचंड वडाला १८६४ व १८६७ साली चक्रीवादळांचा तडाखा बसला. पुढे मूळ खोडाला बुरशी लागली आणि १९२५ साली ते काढून टाकावे लागले. तरीही वृक्ष मेला नाही. तीन हजारांहून अधिक पारंब्यांच्या आधारावर तो आजही उभा आहे.

वडाची सावली प्राचीन काळापासून मोलाची मानली गेली. माणसांना व जनावरांना सावली मिळावी म्हणून रस्त्यांच्या कडेला वड लावल्याचा उल्लेख सम्राट अशोकाच्या स्तंभलेखात आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या टाऊन हॉलसमोरील वडाखाली दलाल व्यवहारासाठी जमत. त्यांच्याच संघटनेतून १८७५ साली मुंबईचा शेअर बाजार स्थापन झाला.

वडाचा प्रत्येक भाग उपयोगी आहे. पानांच्या पत्रावळी लावतात. पायांच्या भेगांवर चीक लावण्याची रीत आहे. कोवळ्या पारंबीचे दातवण करतात, तर जाड पारंब्यांपासून तंबूचे खांब व गाडीचे जू बनवतात. आयुर्वेदातील 'पंचवल्कल' या पाच सालींमध्ये वडाची साल असते. त्यांच्या काढ्याने जखमा धुतात. पिकलेली लाल फळे पक्षी, वटवाघळे व माकडे खातात आणि बिया दूरवर पसरवतात.

ज्येष्ठ पौर्णिमेला महाराष्ट्रातील स्त्रिया सावित्रीचे स्मरण करून वडाला सूत गुंडाळतात. ही पूजा वृक्षाजवळ जाऊन करावयाची असते. शहरांत मात्र अनेक घरी तोडून आणलेली फांदीच पुजली जाते. रस्त्याकडेच्या वडांच्या पारंब्या रहदारीला अडथळा म्हणून छाटतात आणि बुंध्याभोवती सिमेंट ओततात. अशा वडाच्या फांद्या लांबत जातात, पण त्यांना टेकू मिळत नाही. मुळांना पाणी व हवा कमी पडते. मग वादळात तो कोसळण्याचा धोका वाढतो.

शिबपूरचा वड खोडावाचून जगला, कारण त्याच्या पारंब्यांना जमीन मिळाली. इतर वडांनाही याहून वेगळे काही नको असते; पारंबी टेकेल एवढी मोकळी माती त्यांना पुरते.