चोरीचा आळ, मारहाण आणि कायदा

मेहकर तालुक्यातील हिवरा आश्रम येथे दरवर्षी जानेवारीत विवेकानंद जयंती महोत्सवाला भाविकांची अलोट गर्दी होते. पुरी आणि वांग्याच्या भाजीच्या महाप्रसादासाठी गावोगावचे लोक येतात. समजा, अशाच गर्दीच्या दिवशी एखाद्या दुकानातून बाहेर पडणाऱ्या ग्राहकाला 'माल उचलला' म्हणून अडविण्यात आले. त्याला आतल्या खोलीत नेले, झडती घेतली, दोन-चार जणांनी हात धुऊन घेतले. पिशवीत काहीच सापडले नाही. मात्र ग्राहकाचे मनगट मोडले. मग 'गैरसमज झाला, आता मिटवून टाका' असा सल्ला देणारे पुढे येतात. गावात चर्चा नको म्हणून पीडितही बहुधा गप्प बसतो. वास्तविक, अशा वेळी कायदा त्याच्या बाजूने उभा असतो.

संशय म्हणजे अधिकार नव्हे

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार खासगी व्यक्तीलाही एखाद्यास पकडता येते. पण दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा तिच्या समक्ष घडला असेल, किंवा ती व्यक्ती फरारी घोषित असेल तरच. पकडलेल्या व्यक्तीला विनाविलंब, फार तर सहा तासांच्या आत, पोलिसांच्या स्वाधीन करावे लागते. केवळ संशयावरून कोंडून ठेवणे, सक्तीने अंगझडती घेणे किंवा मारहाण करणे याची मुभा दुकानदाराला वा त्याच्या सुरक्षारक्षकाला नाही. ग्राहकाने खरोखर चोरी केली असली, तरी शिक्षा देण्याचे काम न्यायालयाचे आहे.

संशयाचे पर्यवसान कशात होते, हे ऑगस्ट २०२३ मध्ये श्रीरामपूर तालुक्यातील हरेगाव येथे दिसले. शेळी आणि कबुतरे चोरल्याच्या संशयावरून चार दलित तरुणांना झाडाला उलटे टांगून मारहाण करण्यात आली. मारणाऱ्यांवर ॲट्रॉसिटी कायद्यासह गुन्हा नोंदविण्यात आला. पीडित अनुसूचित जाती-जमातीचा असेल आणि या कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला, तर त्याच्या नियमांनुसार शासनाकडून आर्थिक साह्यही मिळते.

पहिला दिवस महत्त्वाचा

सर्वप्रथम रुग्णालय गाठावे. तातडीच्या उपचारांसाठी पोलिसांची वाट पाहू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा प्रकरणात स्पष्ट केले आहे. इजा मारहाणीमुळे झाली हे डॉक्टरांना सांगावे व तशी नोंद करून घ्यावी. जखमांची छायाचित्रे, क्ष-किरण अहवाल, उपचारांची बिले, फाटलेले कपडे आणि खरेदीची पावती जपून ठेवावी. साक्षीदारांची नावे लिहून घ्यावीत.

दुकानातील सीसीटीव्ही चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते. म्हणून ते जतन करावे, अशी लेखी मागणी त्याच दिवशी दुकानदाराकडे करून तिची प्रत पोलिसांना द्यावी. धाक दाखवून माफीनामा किंवा कबुली लिहून घेतली असेल, तर तक्रारीत त्याचा उल्लेख न चुकता करावा. धमकावून 'दंड' उकळला असेल, तर तो खंडणीचा प्रकार ठरू शकतो.

पोलीस ठाण्यात

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. त्यापूर्वीच्या घटनांना जुना दंडविधान लागू होतो. नव्या संहितेत साधी दुखापत (कलम ११५) अदखलपात्र आहे. त्यामुळे 'एनसी' लिहून बोळवण होण्याचा संभव असतो. मात्र अन्यायाने अडविणे (कलम १२६) आणि कोंडून ठेवणे (कलम १२७) हे दखलपात्र गुन्हे आहेत. अनेक गुन्ह्यांपैकी एक जरी दखलपात्र असला, तरी संपूर्ण प्रकरण दखलपात्र समजले जाते. म्हणून किती वेळ, कोठे आणि कोणी डांबून ठेवले, हे तक्रारीत स्पष्ट लिहावे. हाड मोडणे, दात पडणे किंवा पंधरा दिवस नेहमीची कामे करता न येणे ही 'गंभीर दुखापत' होय. तिला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते आणि एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते. ठाण्यात दाद न मिळाल्यास पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज करावा. तेथेही काही झाले नाही, तर प्रतिज्ञापत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. हिवरा आश्रमच्या रहिवाशासाठी ते न्यायालय मेहकरला आहे. चारचौघांत 'चोर' म्हटल्याबद्दल बदनामीची फिर्याद मात्र थेट न्यायदंडाधिकाऱ्यांपुढेच करावी लागते.

भरपाईचे मार्ग

फौजदारी खटल्यात दोषीला शिक्षा होते. पण बुडालेली मजुरी, उपचारांचा खर्च आणि गेलेली अब्रू यांची भरपाई मागण्यासाठी दिवाणी दावा करता येतो. कामावर असताना नोकराने केलेल्या कृत्याची जबाबदारी मालकावरही येऊ शकते. येथे मुदत फार महत्त्वाची आहे. बेकायदा डांबून ठेवणे आणि बदनामी यांसाठीचा दावा एका वर्षाच्या आत दाखल व्हावा लागतो. फौजदारी खटल्याच्या निकालाची वाट पाहत बसल्यास हा हक्क हातचा जातो.

ग्राहकाने खरेदी केली असेल, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सेवेतील त्रुटीची तक्रार दोन वर्षांत करता येते. ग्राहक राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे, म्हणजे येथे बुलढाण्याला, ती दाखल करण्याची सोय आहे. खरेदीची पावती जपायची ती यासाठीही. सुरक्षारक्षक एखाद्या एजन्सीचा असेल, तर तिच्याकडे २००५ च्या कायद्यानुसार परवाना आहे काय, हेही तपासावे.

अंगावर जखम नसली तरी अपमानाची भरपाई मागता येते. २०२१ मध्ये केरळात एका महिला पोलिसाने आठ वर्षांच्या मुलीवर मोबाइल चोरल्याचा आळ घेतला. तो मोबाइल पोलिसांच्याच गाडीत सापडला. मुलीला दीड लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश उच्च न्यायालयाने राज्य सरकारला दिला. ते प्रकरण सरकारी यंत्रणेविरुद्धचे असल्याने थेट उच्च न्यायालयात गेले. दुकानदाराविरुद्ध वर सांगितलेल्या मार्गांनीच जावे लागते.

उलट तक्रार झाली तर?

दुकानदाराने चोरीची तक्रार नोंदविल्यास घाबरून तडजोड करू नये; वकिलाचा सल्ला घ्यावा. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे नागरिक आणि अल्प उत्पन्न गटातील व्यक्तींना तालुका विधी सेवा समितीकडून वकील मोफत मिळतो. निर्दोष सुटल्यानंतर द्वेषमूलक खटल्याबद्दल एका वर्षात भरपाई मागता येते. मात्र तक्रार दुष्ट हेतूने आणि सबळ कारणाशिवाय केली होती, हे सिद्ध करावे लागते.

तडजोड करण्यास कायद्याची आडकाठी नाही. परंतु ती उपचार, नोंद आणि तक्रार यांनंतर, लेखी स्वरूपात आणि वकिलाला दाखवूनच व्हावी. आळ चारचौघांत घेतला असेल, तर दिलगिरीही चारचौघांतच व्यक्त व्हायला हवी.