निवृत्तीनंतरची होडी

आपल्याकडे नोकरी संपते ती शाल, श्रीफळ आणि भिंतीवरच्या घड्याळाने. दुसऱ्या दिवसापासून त्या माणसाने करायचं काय, याचा विचार घरात फारसा कुणी केलेला नसतो. बेळगावात तर उद्यमबागेतल्या फाउंड्रीत नाहीतर मशीन शॉपमध्ये तीस-तीस वर्षं हात काळे केलेली माणसं गल्लोगल्ली आहेत. त्यांनी मागच्या पडवीत एखादं टेबल मांडून व्हाइस बसवला, की चार दिवसांत मुलगा म्हणतो, "बाबा, आता कशाला हा पसारा? आराम करा की!"

या पसाऱ्याच्या बाजूने बोलायचं तर मला सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हे इंग्रज खलाशी आठवतात. त्यांची होडी आपल्या मुंबईत बांधलेली आहे. व्यापारी जहाजावर अधिकारी असताना त्यांनी बत्तीस फुटांची, दोन डोलकाठ्यांची ही होडी बांधून घेतली. लाकूड अर्थातच साग. (कन्नडमध्ये तेग. इंग्रजीतला 'टीक' हा शब्दसुद्धा दक्षिणेतल्या 'तेक्कु'वरून पोर्तुगीजांमार्फत तिकडे गेला.) मुंबईच्या सुतारांनी ती वाकस आणि दोरीने फिरवायचा सामता वापरून घडवली. वाकस म्हणजे कन्नड घरातली 'बाची'. १९६४ साली होडी पाण्यात उतरली. नाव ठेवलं 'सुहैली'. इराणच्या आखातातल्या आग्नेय वाऱ्याला अरब खलाशी या नावाने ओळखतात.

१४ जून १९६८ रोजी इंग्लंडमधल्या फाल्मथहून निघालेले नॉक्स-जॉन्स्टन २२ एप्रिल १९६९ रोजी तिथेच परतले. कुठेही न थांबता, एकट्याने, ३१२ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करणारा हा पहिला माणूस. त्या शर्यतीत नऊ जण निघाले होते, पुरी केली ती यांनी एकट्यानेच. वाटेत होडी तळाशी गळायला लागली, तेव्हा त्यांनी श्वास रोखून पाण्याखाली बुड्या मारल्या, फटीत कापूस ठोकला आणि त्यावर कॅनव्हासची पट्टी व तांब्याचा पत्रा मारला. दुरुस्तीचा हात तेव्हापासूनचा.

पुढे सुहैलीला मोठा मान मिळाला. ग्रिनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात ती मांडून ठेवली. पण तिथल्या कोरड्या, नियंत्रित हवेत तिच्या फळ्या आकसू लागल्या. आपल्या शेतकऱ्याला हे सांगायला नको. उन्हाळ्यात बैलगाडीच्या चाकाचं लाकूड सुकतं, धाव सैल होते, म्हणून तो चाकं पाण्यात भिजत टाकतो. होडीचंही तसंच. फळ्या पाणी पिऊन फुगतात तेव्हाच सांधे मिटतात. शेवटी २००२ मध्ये सुहैलीला संग्रहालयातून बाहेर काढावं लागलं.

आणि मग सत्तरी ओलांडलेले हे गृहस्थ स्वतः हत्यारं घेऊन तिच्या कामाला लागले. साग टिकला होता, पण त्यातलं लोखंड खाऱ्या पाण्याने खाल्लं होतं. जुने खिळे एकेक करून काढायचे, भोक साफ करायचं, नवा बसवायचा. हे काम पैसे टाकून गोदीत सहज करून घेता आलं असतं. पण खिळा किती घट्ट बसलाय हे ज्याच्या मनगटाला कळतं, त्याला ते दुसऱ्यावर सोडवत नाही. १४ जून २०१८ रोजी, बरोबर पन्नास वर्षांनी, सुहैली पुन्हा फाल्मथच्या पाण्यात होती आणि एकोणऐंशी वर्षांचे मालक तिच्याबरोबर होते.

अशा माणसाकडे शिकायला लोक येतातच. २००९-१० मध्ये एकट्याने जगप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय, नौदलाचे दिलीप दोंदे, त्याआधी त्यांच्या हाताखाली राबून आले होते. दोंदे यांची होडी गोव्यात बांधली गेली. तिचं नाव 'म्हादेई', आपल्या खानापूर तालुक्यात उगम पावणारी आणि पाणीवाटपामुळे इथे सतत चर्चेत असणारी नदी.

बेळगावात समुद्र कुठून आणायचा, हे खरं. पण डुगडुगणारी खुर्ची, आवाज करणारा पंप, आजीचं सागवानी देवघर कुठल्या घरात नसतं? जागा लागते ती एका टेबलाची, उजेडाची आणि हत्यारं भंगारवाल्याच्या तावडीतून वाचवण्याची. आमच्या गल्लीतले एक निवृत्त फिटर रविवारी पडवीत बसतात. "पटाशी दे रे," असं आजोबांनी म्हटलं की आईची कन्नड घेऊन वाढलेला नातू विचारतो, "उळी का?" आणि बरोबर तीच उचलून देतो.